पिस्टनवाली रायफल घ्यावी का? आधी गॅस कुठे जातो ते बघू

तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि मग उत्तर लिहायला बसलो. थोडक्यात असा आहे: तू मूळचा कोथरूडचा, आता टेक्सासमध्ये, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात आलं, कॉलेजला असताना एनसीसीत .२२ चालवलेली आणि आता स्वतःची एक सेमी ऑटो रायफल घ्यायचीय, रेंजवर चालवायला. दुकानात दोन समोर ठेवल्या, एक साधी एआर-१५ साधारण ९०० डॉलरची, दुसरी दिसायला तशीच पण पिस्टनवाली, १,९०० ची. दुकानदार म्हणतो पिस्टन घ्या, जॅम होत नाही आणि साफ करायची कटकट नाही. तुझे बाबा, रिटायर्ड सुभेदार, फोनवर म्हणतात आपल्या फौजेत सगळ्या पिस्टनच्याच होत्या, दुसरं काही बघू नकोस. आणि शेवटी विचारलंयस की पुढेमागे पुण्याला परत आलो तर रायफल सोबत आणता येईल का.

मी ईएमईचा, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती खात्याचा आर्मरर, बंदुका दुरुस्त करणारा, २४ वर्षं नोकरी झाली, आता दिघीला घर आहे. एसएलआर, इन्सास, एके या फौजेच्या रायफली रोजच्या हाताखालच्या, आणि एका अटॅचमेंटवर असताना एम-फोर, म्हणजे एआरच्याच घराण्यातली अमेरिकन फौजेची रायफल, पण उघडून बघायला मिळाल्या. तू माझ्या मुलीच्या वयाचा दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तू जो वापर लिहिलायस त्याला साधी पण नीट बनवलेली एआर घे आणि वाचलेले १,००० डॉलर राउंडवर (म्हणजे काडतुसांवर) आणि चांगल्या कोचवर खर्च कर. पिस्टनला माझा विरोध नाही, माझी अख्खी नोकरी पिस्टनच्या रायफली खोलण्यात गेली, म्हणूनच सांगतो की पिस्टन हे एका ठराविक त्रासावरचं औषध आहे आणि तो त्रास तुला अजून झालेलाच नाही.

आता का ते. गोळी नळीतून पुढे चाललेली असते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा गरम गॅस असतो, नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, गोळी त्याच्या पुढे गेली की थोडा गॅस त्या भोकातून वर येतो, आणि याच गॅसच्या जोरावर रायफल स्वतःच रिकामी पुंगळी काढून पुढचा राउंड भरते. इथपर्यंत दोन्ही रायफली एकच. फरक पुढे आहे, या गॅसकडून काम कुठे करून घ्यायचं.

साध्या एआरमध्ये गॅस एका बारीक स्टीलच्या ट्यूबमधून मागे येतो, बोल्ट कॅरिअरवर (राउंडमागे चेंबर, म्हणजे राउंड बसायची जागा, बंद करतो तो बोल्ट, आणि त्याला घेऊन मागेपुढे सरकतो तो कॅरिअर) जी गॅस की, म्हणजे छोटी नळी, बसवलेली असते तिच्यातून आत शिरतो आणि बोल्टची शेपटी आणि कॅरिअर यांच्यामधल्या पोकळीत फुगतो. बोल्टच्या शेपटीवर तीन बारीक गॅस रिंग असतात, स्कूटरच्या पिस्टनवर असतात तशाच, त्या गॅस अडवून धरतात आणि कॅरिअर मागे ढकलला जातो. काम झालं की उरलेला गॅस कॅरिअरच्या उजव्या बाजूच्या दोन भोकांतून बाहेर. लोक याला डायरेक्ट इम्पिंजमेंट म्हणतात, डीआय, पण नीट बघशील तर यातही पिस्टन आहेच, फक्त बोल्ट हाच पिस्टन आणि कॅरिअर हाच सिलिंडर. एआरचं डिझाइन करणाऱ्या यूजीन स्टोनरने १९५६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६० ला ते मिळालं, आणि त्यात त्याने स्वतःच लिहिलंय की ही ती जुनी थेट गॅस आदळवायची पद्धत नाही. खरी थेट पद्धत म्हणजे स्वीडनची युंगमन किंवा फ्रेंचांची मास-४९, तिथे गॅस येऊन सरळ कॅरिअरवर आपटतो. तर डीआय आणि पिस्टन या दोन वेगळ्या जाती आहेत असं जे दुकानात सांगतात ते तितकंसं खरं नाही, पिस्टन बोल्टच्या रेषेत मागे ठेवायचा की नळीच्या वर पुढे ठेवायचा एवढाच खरा प्रश्न आहे.

पुढे ठेवला की त्याचे परत दोन प्रकार. लॉंग स्ट्रोकमध्ये पिस्टन कॅरिअरला जोडलेलाच असतो आणि पूर्ण पल्ला त्याच्याबरोबर मागेपुढे जातो, सायकलच्या पंपाचा दांडा जातो तसा, एके आणि आपली इन्सास यातल्या (इन्सासचं डिझाइन आपल्या पाषाणच्या एआरडीईचं, हे पुण्यातल्या पोरांना माहीत असायला हवं). शॉर्ट स्ट्रोकमध्ये पिस्टन थोडाच मागे येतो, टोला देतो आणि थांबतो, कॅरिअर पुढचा प्रवास स्वतःच्या वेगाने करतो, कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला लागून जागेवर राहतो आणि सोंगटी एकटीच जाते ना, तसं. एसएलआर तशी होती, हेकलर अँड कॉखची ४१६ तशी आहे, आणि २०१९ मध्ये आपल्या आर्मीने ज्या ७२,४०० सिग ७१६ मागवल्या त्या पण तशाच. तुला दुकानात दाखवलेली पिस्टनवाली एआर बहुतेक याच प्रकारातली असणार.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येतो, कारण ते चुकीचं नाहीये, फक्त ते फौजेच्या कामाचं आहे. फौजेला पिस्टन का आवडतो तर चार-चार दिवस चिंदी-तेलाला वेळ मिळत नाही, चिखलपाण्यातून रायफल जाते, बर्स्ट फायर होतं, रायफल ग्रेनेड टाकायचे असतात, आणि वेगवेगळ्या लॉटचे राउंड येतात. एसएलआरच्या गॅस रेग्युलेटरची सेटिंग बाबांनी शेकडो वेळा केली असेल, त्यांना विचार, ते आनंदाने सांगतील. गॅस जवळजवळ सगळा बाहेर सोडून सुरुवात करायची, एकेक राउंड फायर करायचा, पुंगळी नीट बाहेर पडून पुढचं चक्र पुरं होतंय का बघायचं, नाही झालं तर एक क्लिक गॅस वाढवायचा, परत फायर, आणि जिथे नीट चालायला लागली तिथून वर दोन क्लिक जास्त ठेवायचे, धूळ आणि घाणीचा हिशोब म्हणून. मी नवीन होतो तेव्हा माझ्या उस्तादांनी हे शिकवताना सांगितलं होतं की रायफलला लागतो तेवढाच गॅस द्यायचा, जास्त दिला तर ती चालते पण स्वतःलाच मारत राहते. एआरलाही हेच लागू आहे. बाजारातल्या कितीतरी स्वस्त एआरमध्ये ते गॅसचं भोक गरजेपेक्षा मोठं पाडलेलं असतं, का तर कुठलाही हलका राउंड टाकला तरी ती चालावी आणि गिऱ्हाईक परत येऊ नये, मग झटका वाढतो, पार्ट लवकर झिजतात आणि आत काजळी जास्त येते आणि लोक म्हणतात डीआय घाण असते. दोष गॅसच्या मापाचा असतो आणि बदनाम पद्धत होते. म्हणून १६ इंची नळी घेणार असशील तर मिड-लेंथ गॅस सिस्टिमची बघ, म्हणजे गॅसचं भोक साधारण ९ इंचावर, कार्बाइन लेंथचं साधारण ७ वर असतं. जेवढं पुढे तेवढा दाब उतरलेला, रायफल मऊ चालते. पिस्टनपेक्षा या दोन इंचांचा फरक तुझ्या खांद्याला जास्त जाणवेल.

पिस्टन साफ राहतो म्हणतात त्याबद्दल. काजळी कुठेतरी जाणारच, चुलीचा धूर खिडकीतून काढला काय आणि धुराड्यातून काढला काय, धूर तेवढाच. मुलीकडे डॅलसला गेलो होतो तेव्हा जावयाच्या शेजाऱ्याकडे दोन्ही होत्या, दोन्हीतून प्रत्येकी २०० राउंड झाले आणि संध्याकाळी त्याच्या गॅरेजमध्ये दोन्ही उघडल्या. पिस्टनवालीचा बोल्ट खरंच जवळपास स्वच्छ होता, फायर झाल्यावर लगेच हात लावला तरी कोमटच, हे मान्य करायलाच हवं. पण पुढचा गॅस ब्लॉक आणि पिस्टनचं डोकं काळं ठिक्कर, त्यावर कडक थर, आणि तिथपर्यंत पोचायला जास्त खटाटोप. साध्या एआरचा बोल्ट काळा होता, शेपटीवर थर होता, तो मी चिंदी, ब्रश आणि तेलाने १५ मिनिटांत काढला. नळी आणि चेंबर दोन्हींचं सारखंच घाण, ते दोन्हींत साफ करावंच लागतं. तेव्हा साफसफाईच्या कंटाळ्यापायी १,००० डॉलर देऊ नकोस.

आणि एक, एआर कोरडी चालवू नये. आमच्याकडे एकेची सवय असलेला जवान एम-फोर पण तशीच पुसून कोरडी ठेवायचा आणि मग ती अडकली की तिला नावं ठेवायचा. कॅरिअरच्या घासणाऱ्या जागा, कॅम पिन (बोल्टला फिरवणारी खीळ), बोल्टच्या रिंग, इथे तेल दिसलं पाहिजे. ओली असली की काजळी मऊ राहते, वाळली की चिकटते.

व्हिएतनामचं उदाहरण तुला कोणीतरी देईलच, एम-१६, एआरच्याच घराण्यातली फौजी रायफल, अडकायची आणि पोरं मरायची. ते खरं आहे, आणि फार वाईट आहे, पण कारण काय होतं ते पण वाच. मूळ रायफल ज्या दारूवर बसवली होती ती बदलून बॉल पावडर आली, तिने घाण वाढली आणि चक्राचा वेग पण वाढला, चेंबरला क्रोम नव्हतं आणि तिथल्या दमट हवेत गंज धरायचा, पुंगळी आत चिकटून बसायची, आणि वर पुरेशी क्लीनिंग किट दिलीच नव्हती, सांगितलं होतं की हिला फारसं साफ करावं लागत नाही. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली. पुढे चेंबर-नळीला क्रोम आलं, बफर (कॅरिअरला मागे अडवणारं वजन) बदलला, किट वाटली, आणि तीच गॅसची पद्धत अजून चालू आहे. मला यातलं जे वाक्य कायम लागतं ते हेच, साफ करावं लागत नाही. तुझ्या दुकानदाराने पण तेच वाक्य वापरलंय म्हणून मी एवढं लांबलचक लिहितोय.

पिस्टनच्या बाजूने सगळ्यात जड पुरावा म्हणजे २००७ ची धुळीची टेस्ट, तीही लपवत नाही. अमेरिकन आर्मीने ॲबर्डीनच्या चाचणी मैदानावर चार प्रकारच्या रायफली घेतल्या, प्रत्येकी १० नग, प्रत्येक नगातून ६,००० राउंड, म्हणजे एका प्रकाराचे ६०,०००, आणि सगळ्यांना जाड धुळीत लोळवलं. एम-फोर ८८२ वेळा अडकली, एचके ४१६ २३३, स्कार २२६, एक्सएम-८ १२७. फरक मोठा आहे, बाकीच्या तिन्ही शॉर्ट स्ट्रोक पिस्टनच्या आहेत. पण त्याच वर्षी आधीच्या फेरीत एम-फोरचा आकडा ३०७ आला होता, आणि या ८८२ मधले २३९ मॅगझिनमुळे होते. आणि ८८२ म्हटले तरी दर शंभर राउंडमागे दीड, तेही धुळीने माखलेल्या अवस्थेत. तू शनिवारी सकाळी शेडखाली, टेबलावर चटई टाकून १०० राउंड मारणार. तुझ्या बाबांना राजस्थानच्या वाळूत उतरायचं असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

मॅगझिनचं निघालंय तर सांगतो. कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, माझ्याकडे जेवढ्या रायफली 'अडकते' म्हणून आल्या त्यात गॅसचा दोष असलेल्या फार थोड्या. ओठ वाकलेलं मॅगझिन, दमलेली स्प्रिंग, चेंबरमध्ये गंज, एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग गेलेली, नाहीतर तेलाचा पत्ता नाही. मी जवानाला आधी विचारायचो मॅगझिन कुठलं होतं, आणि त्या मॅगझिनवर खडूने फुली मारून बाजूला ठेवायला लावायचो. तू पण प्रत्येक मॅगझिनवर मार्करने नंबर टाक. रायफल अडकली की नंबर लिहून ठेव. तीन वेळा एकच नंबर आला तर रायफल निर्दोष आहे, ते मॅगझिन टाकून दे. २० डॉलरच्या आतला हा इलाज पिस्टनच्या १,००० डॉलरपेक्षा जास्त रायफली चालू करतो.

आता पिस्टन बसवल्यावर काय देऊन बसतो ते. एआरचं मूळ डिझाइन सगळं एका रेषेत आहे, जोर बोल्टच्या मध्यातून सरळ मागे जातो. पिस्टन वर बसवला की टोला कॅरिअरच्या डोक्यावर पडतो, मध्यावर नाही, मग कॅरिअरचं मागचं टोक खाली झुकतं आणि मागच्या बफर ट्यूबच्या, म्हणजे बफर ज्यात सरकतो त्या नळीच्या, खालच्या काठाला घासतं. याला कॅरिअर टिल्ट म्हणतात. एका पिस्टनवाल्या एआरमध्ये मी स्वतः तो काठ बोटाला लागेल इतका खरवडलेला बघितलाय. चांगल्या कंपन्या कॅरिअरच्या मागे पॅड किंवा उतार देऊन हे बरंचसं मिटवतात, पण साध्या एआरला बाहेरून पिस्टन किट लावून घ्यायची कल्पना डोक्यात असेल तर ती सोड. शिवाय वजन पुढे वाढतं, आणि उभं राहून फायर करताना पुढचं वजन वीसेक राउंडनंतर डाव्या खांद्यात कळायला लागतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पार्टची. साध्या एआरचा बोल्ट, रिंग, एक्स्ट्रॅक्टर, गॅस ट्यूब कुठल्याही दुकानात मिळतात आणि एकाचं दुसऱ्याला बसतं. पिस्टनचं तसं नाही, प्रत्येक कंपनीचा रॉड वेगळा, पिस्टन वेगळा, कॅरिअर वेगळा. रुगरने २००९ मध्ये एसआर-५५६ नावाची पिस्टनवाली काढली होती आणि पुढे ती बंद केली, सिगची ५१६ पण बंद झाली. रायफली वाईट होत्या असं मी म्हणत नाही, पण १० वर्षांनी तिचा रॉड वाकला तर तू कुणाकडे जाणार? आमच्या पेठेत जुन्या चेतकचा पार्ट अजून मिळतो कारण चेतक लाखोंनी विकल्या गेल्या. रायफलचं गणित हेच आहे, जिची संख्या जास्त तिचे पार्ट जास्त.

मग पिस्टन घ्यावा कुणी? सायलेन्सर कायम लावून फायर करणाऱ्याने नक्की विचार करावा. सायलेन्सर गॅस मागे ढकलतो, साध्या एआरमध्ये तो चार्जिंग हँडलच्या फटीतून तोंडावर येतो, डोळे चुरचुरतात, आणि पिस्टनवालीत सहसा गॅस कमी करायची सोय दिलेली असते. अर्थात नळीतून उलटा येणारा गॅस पिस्टनमध्ये पण येतो, आणि ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक साध्या एआरला पण लावता येतो. नळी फार आखूड असेल, १० इंचाच्या आसपास, तर तिथेही पिस्टनचं पारडं जड, एचके ४१६ चा जन्मच त्या कामासाठी झाला, स्पेशल फोर्सेसची आखूड नळी आणि सायलेन्सर. पण अमेरिकेत १६ इंचाखालच्या नळीची रायफल आणि सायलेन्सर दोन्हीला एनएफए या केंद्रीय शस्त्र कायद्याचं रजिस्ट्रेशन लागतं. १ जानेवारी २०२६ पासून त्यांच्यावरचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय, रजिस्ट्रेशन मात्र आहेच, तेव्हा पहिल्या रायफलला यात पडू नकोस. तू डावखुरा असशील तर तेही कळव, कारण साध्या एआरचा गॅस उजव्या बाजूने निघतो आणि डावखुऱ्याचा चेहरा नेमका त्याच बाजूला असतो, मग माझं मत थोडं बदलेल.

आणि पिस्टनच हवा असा जीव अडकलाच असेल तर मुळापासून पिस्टनसाठी आखलेली रायफल घे, एआरच्या अंगात पिस्टन कोंबलेली नको. सिगची एमसीएक्स बघ, तिच्या रिकॉइल स्प्रिंग वर आहेत, मागे बफर ट्यूबच नाही, त्यामुळे तो घासायचा प्रश्नच मिटतो आणि बट घडी होते. किंवा आपल्या स्पेशल फोर्सेसकडे असलेल्या टॅव्हॉरच्या घराण्यातली एक्स-९५, लॉंग स्ट्रोकची. महाग आहेत, पण पैसे कशाचे दिले ते कळतं तरी.

साधी घेताना दुकानात उभा राहून काय बघायचं ते सांगतो. कॅरिअर बाहेर काढून दाखवायला सांग, गॅस कीच्या दोन स्क्रूच्या कडा पंच मारून दाबलेल्या आहेत का बघ, नसतील तर तो स्क्रू एक दिवस सैल होणार आणि गॅस तिथून पळणार. नळी क्रोम लायनिंगची किंवा नायट्राइड केलेली असावी. चेंबरवर ५.५६ लिहिलेलं असावं, कारण त्यात .२२३ चालतो, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चा राउंड टाकू नये, दाब वाढतो. ट्रिगर हातात घेऊन बघ. दुर्बीण पहिल्या महिन्यात नको, साध्या साइटवर शीक, एनसीसीची सवय परत येईल. वाचलेल्या १,००० डॉलरमध्ये आजच्या भावाने ढोबळमानाने दोनेक हजार .२२३ चे राउंड येतात, आणि कोचच्या नजरेखाली मारलेले दोन हजार राउंड तुला जेवढं बदलतील तेवढी कुठलीही रायफल बदलणार नाही.

कायद्याचं आता नीट वाच, यात चूक झाली तर रायफल बाजूला राहील आणि ग्रीन कार्डवर येईल. ग्रीन कार्डवर तू घेऊ शकतोस, दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरताना सगळं खरं लिही. तुझा रूममेट किंवा मित्र एच-वनवर असेल तर त्याला सहसा बंदूक बाळगताच येत नाही, स्टुडंट आणि व्हिजिटरलाही नाही, त्या राज्याचं किंवा दुसऱ्या कुठल्या राज्याचं हंटिंग लायसन्स वगैरे ठराविक अपवाद सोडून. त्याच्यासाठी तुझ्या नावावर घेणं हा सरळ गुन्हा. आणि आईबाबा सहा महिने राहायला येतील तेव्हा ते व्हिजिटर व्हिसावर असतील, सेफचा कोड त्यांना देऊ नकोस, आणि बाबांना रेंजवर न्यायचं असेल तर आधी त्यांचं हंटिंग लायसन्स काढ. मी डॅलसला स्वतः ते काढलं, त्याच्याआधी २४ वर्षं आर्मरर असूनही शेजाऱ्याच्या रायफलला हात लावला नाही. राज्य बदललंस तर परत तपास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे अशा रायफलींवर बंदी किंवा कडक अटी आहेत, नोकरीमुळे हलायची शक्यता असेल तर घ्यायच्या आधीच हे बघ.

पुण्याला आणायचं विसर. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये सेमी ऑटोमॅटिक रायफल पहिल्या, निर्बंधातल्या कॅटेगरीत येते, ते लायसन्स कलेक्टर किंवा पोलीस कमिशनरच्या हातात नाही, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातं, आणि सामान्य माणसाला ते मिळेल हे धरूनच चालू नये. परत यायचं ठरलं की रायफल तिथेच कायदेशीर विकून ये. इकडे शूटिंगची आवड पुरवायला बालेवाडीची शूटिंग रेंज आहेच. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं ते .२२ वर, त्याचा सराव आपल्या बालेवाडीतलाच. ना पिस्टन ना गॅस, प्रत्येक राउंड हाताने भरायचा. तुझा पाया .२२ चा आहे, म्हणून तर मी म्हणतोय की कोच बघ.

घरात चार वर्षांची मुलगी आहे असं तू ओघात लिहिलंस. मग सेफ रायफलच्या आधी घरी आली पाहिजे, नंतर नाही. रायफल रिकामी, बोल्ट उघडून बोटाने चेंबर तपासलेलं, राउंड वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या एका जुडग्यात नकोत. कोतमध्ये आम्ही रायफल आणि ॲम्युनिशन कधी एका खोलीत ठेवलं नाही, आणि तिथे तर सगळे प्रशिक्षित जवान होते, लहान मूल एकही नव्हतं.

पहिल्या दिवशी रेंजवर जाताना एक वही ने. नव्या रायफलला तेल सढळ हाताने लाव, १०० राउंड एकाच कंपनीचे घे, मॅगझिनमध्ये पाच-पाचच भर. आणि पुंगळ्या कुठे पडतात ते बघ, तोंड टार्गेटकडे म्हणजे १२ वाजले असं धरलं तर ३ ते ५ च्या मध्ये पडल्या पाहिजेत. १ किंवा २ कडे पुढे उडत असतील तर बहुतेक गॅस जास्त आहे, तेव्हा जड बफर लावून बघता येईल, पण आधी मला पुंगळ्यांच्या तळाचा जवळून काढलेला फोटो पाठव, त्या कडेवरचे ओरखडे बघून मी सांगीन काय करायचं ते.